शेपटाच्या चरबीचा घास

स्मागुल जेवायला बसला की बघणाऱ्यांचंच पोट भरतं, असं आमच्या गावात म्हणत. ते कौतुक होतं की टोमणा, हे कुणी ठरवलं नव्हतं. स्मागुलने मात्र ते कौतुकच धरलं होतं. हिवाळ्यात शाळेच्या बॉयलरात कोळसा टाकणं ही त्याची नोकरी, पण गावात त्याची ओळख होती ती सुरीमुळे. मूल पाळण्यात घालायचं असो, सुंता असो की मयताचं जेवण असो, मेंढी कापायला स्मागुलच लागे. कातडं तो असं सोडवायचा, की वाटावं मेंढीनेच अंगरखा काढून दिला. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी दोन बोटांत धरून अलगद सुटी करायचा. तिचा थेंब जरी सांडला तरी काळीज कडू होतं, आणि कडू काळीज पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला दार दाखवणं. ती पिशवी तो न बघताच कुंपणापलीकडे भिरकावायचा. कावळे उचलून नेत. मेंढीला ती कशाला लागत होती, हा प्रश्न त्याला उभ्या जन्मात पडला नव्हता.

मांस शिजलं की तो परातीशी मांडी घालून बसे. आमच्यात वडीलधारा माणूस मांस आणि चरबी बारीक चिरतो, मूठ भरतो आणि धाकट्यांच्या तोंडात आपल्या हाताने घास घालतो. तो आशीर्वाद असतो आणि नको म्हणायची सोय नसते. स्मागुलची मूठ फावड्यासारखी. घास घेणाऱ्याचे डोळे पांढरे झाले की त्याला बरं वाटायचं. एकदा शाळेत भूगोलाचा नवा मास्तर आला, शहरात वाढलेला, काडीसारखा पोरगा. स्मागुलच्या घासाने त्याला ठसका लागला आणि बाहेर जाऊन तो भडभडा ओकला. स्मागुल सगळ्यांदेखत म्हणाला, "जन्माला घालताना याच्या पोटात आतडी भरायची आईकडून राहून गेली वाटतं." लोक हसले. मास्तर पुढे कुणाच्याच जेवणावळीला आला नाही आणि वसंतात बदली घेऊन निघून गेला.

त्याच वर्षी स्मागुलच्या उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. आधी जेवणानंतर यायची, मग केव्हाही. त्याने गरम विटा लावल्या, अस्वलाची चरबी चोळली, बायकोवर ओरडून पाहिलं. शेवटी एका सकाळी बॉयलरपाशीच वाकडा होऊन पडला, तेव्हा त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथे त्याच्या पोटाला चार भोकं पाडली आणि खड्यांनी गच्च भरलेली पित्ताची पिशवी काढून टाकली.

डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची होती. एनलिक तिचं नाव. घरी सोडायच्या दिवशी ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. थोरल्या माणसाला आमच्यात आगा म्हणतात, तशी तिने हाक मारली.

"आगा, तुम्ही मेंढ्या कापता म्हणे. मग तुम्हाला चित्र काढून दाखवायला नको," ती म्हणाली. "भाकरी पचायला तोंडातच सुरुवात होते. खूप वेळ चावली की गोड लागते ना? लाळ तिची साखर करायला घेते, म्हणून. मांसाचं काम जठरात. तिथे आंबट रस सुटतो आणि जठर सगळं घुसळत राहतं, आपण चामड्याच्या बुधल्यात घोडीचं दूध घुसळतो तसं. पण चरबी लाळेलाही दाद देत नाही आणि आंबट रसालाही. पातेल्याला लागलेली चरबी नुसत्या पाण्याने निघते का?"

"कुठली निघते. सोडा लावावा लागतो."

"तो सोडा म्हणजे पित्त. काळीज, म्हणजे यकृत, ते दिवसभर थेंब थेंब करून तयार करतं आणि पिशवी साठवून ठेवते. चरबी बारीक आतड्यात उतरली की पिशवी आवळते आणि साठवलेलं पित्त एकदम सोडते. चरबी फुटते, तिचे बारीक थेंब होतात. मग दुसरा रस त्यांचे तुकडे करतो आणि आतड्याची भिंत ते पिऊन घेते. ते बारीक आतडं किती लांब असतं, ते धुणाऱ्या बायका तुम्हाला सांगतील. एवढ्या वाटेवर सगळं शोषलं जातं, आणि उरलेल्यातलं पाणी मोठं आतडं काढून घेतं. आता तुमच्याकडे साठा राहिला नाही, नुसते थेंब आहेत."

"म्हणजे चरबी बंद?"

"बंद नाही. थोडी खाल्ली तर थेंबांना झेपते. मूठभर खाल्लीत तर ती तशीच खाली उतरेल, आणि मग मोठं आतडं पाणी घ्यायचं सोडून उलटं पाणी सोडेल. पळता भुई थोडी होईल. हळूहळू शरीर सवय करून घेतं. तोवर थोडं थोडं खायचं. थोडं, आगा. कळलं ना?"

स्मागुलला सगळं कळलं होतं. इतकी वर्षं जी पिशवी त्याने कावळ्यांना टाकली, तिचा उद्योग त्याला आत्ता समजत होता. फक्त 'थोडं' हा शब्द काही त्याच्या घशाखाली उतरेना. ज्याने गावाला घासावरून जोखलं, त्याने आता परातीपुढे बसून चिमणीसारखं टिपायचं? आणि मास्तरासारख्या पोरांनी ते बघायचं? गाडीतून परत येताना त्याने बायकोला, बाल्झानला, ठणकावलं, "विचारलं कुणी, अगदी आपल्या पोरीने, तरी मणक्याचं दुखणं होतं म्हणून सांग."

"आणि जेवताना काय सांगू? मणका चरबी खात नाही म्हणून सांगू?"

"तू गप्प बस."

बाल्झान गप्प बसली. तीस वर्षांच्या संसारात तिने हे काम चांगलं शिकून घेतलं होतं.

पहिला फटका लवकरच बसला. शेजारच्या गावात सुंतेचं जेवण होतं आणि परातीत घोड्याच्या चरबीचे आतड्यात भरलेले तुकडे होते. दोन-चार जण म्हणाले, "स्मागुल, आजारपणाने खंगलास की रे," आणि झालं, याने कुणाकडे न बघता हात मारला. वर गरम रस्सा प्याला. परत येताना गाडीत पाच माणसं खेटून बसलेली, आणि निम्म्या वाटेत त्याच्या पोटात असा मुरडा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. गाडी थांबवा म्हणेपर्यंत उशीर झाला होता. अंधूक संध्याकाळ होती, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. स्मागुल गाडीतून उतरला, सरळ ओढ्याकडे गेला आणि बर्फाच्या कडा धरलेल्या त्या पाण्यात कमरेपर्यंत बसला. मग ओरडला, "अरे, घसरलो." चौघांनी त्याला ओढून काढलं. दारूच्या झोकात स्मागुल ओढ्यात पडला, अशी हकिगत आठवडाभर गावात फिरली. लोक खदाखदा हसले. तोही हसला. दारुडा म्हणवून घेणं त्याला परवडणार होतं. घरी बाल्झानने ती विजार धुतली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिने एक शब्द विचारला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त शरम वाटली.

त्यानंतर त्याने जेवणावळी टाळल्या. गेलाच तर म्हणे, "वाटेत जेवून आलो." भाकरी कुरतडे, चहा पीत बसे. अंगावरचं मांस गेलं, गाल बसले, स्वभाव आंबला. मेंढी कापायला आता दुसऱ्याला बोलावू लागले.

अशातच मुलीचं जमलं. तोरगिन केगेन गावच्या टपाल कचेरीत कामाला होती आणि तिथल्याच ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दिदारशी तिचं मन जुळलं होतं. मुलगा शांत होता, कामाचा होता. स्मागुलला तो पहिल्या भेटीतच आवडला, पण हे त्याने बोलून दाखवलं नाही. चांगलं वाटलं तर गप्प बसायचं, ही त्याची जुनी रीत. दिदारच्या बापाने, बेकबोलातने, ओळखीसाठी स्मागुल आणि बाल्झानला घरी बोलावलं आणि त्यांच्यासाठी शिंगरू कापलं. शिंगरू काय रोज कापत नाहीत. स्मागुलने त्यातलं एक बोटभर तोंडात घातलं, बाकी ताटाच्या कडेला सरकवलं आणि म्हणाला, "वाटेत जेवून आलो." बेकबोलात हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. घरी परतल्यावर तोरगिनने दारातच आईला विचारलं, "बाबा जेवले का तिकडे?" बाल्झान म्हणाली, "नाही गं." तेव्हापासून पोरगी घरात कमी बोलू लागली. स्मागुलला वाटलं, माहेर सुटायचं म्हणून असेल.

तरी शरदात व्याही आले. आमच्यात मुलाची आई मुलीच्या कानात डूल घालते, आणि मग दोन्ही बाप एकमेकांना मेंढीच्या जाड शेपटाची चरबी आणि काळीज भरवतात. कागद नाही, सही नाही. तो घास पोटात गेला की सोयरीक झाली. पुढे कुणी मोडायला निघालं तर लोक एवढंच विचारतात, "चरबी-काळीज खाल्लं होतंस ना?" आणि त्याला उत्तर नसतं. त्यासाठी मेंढी मुलीच्या घरची लागते. स्मागुलने ती स्वतः कापली. पित्ताची पिशवी सुटी केली आणि या वेळी ती फेकायच्या आधी क्षणभर तळहातावर धरून बसला.

"म्हाताऱ्या, सांगून टाक त्यांना," आतडी उलटी करून धुता धुता बाल्झान म्हणाली. "माणसाचं शरीर आहे. त्यात काय एवढं?"

"काय सांगू? ज्याच्या हातात मुलगी द्यायची, त्याच्या बापाला सांगू की माझी आतडी गळकी आहेत?"

"मग मी सांगते."

"सांगूनच बघ."

"बरं, मग तुझा तू बघ. पण तो घास तुझ्या हातचा नाही, त्यांच्या हातचा आहे, एवढं ध्यानात ठेव."

स्मागुलने ते ध्यानात ठेवलं होतं. त्याने बेत ठरवला होता. घास तोंडात घ्यायचा, गालात दाबायचा आणि काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचं. पोरकट बेत होता, पण लाज वाटणाऱ्या माणसाची अक्कल पोराएवढीच उरते.

पाहुणे बसले. दुवा झाली. दिदारच्या आईने, काम्शातने, तोरगिनच्या कानात चांदीचे डूल घातले आणि आमच्या रीतीप्रमाणे मायेने तिचं कपाळ हुंगलं. काम्शात ताठ बाई होती, बोलायला मोजकी आणि नजरेला तिखट. मग बाल्झानने परात आणली. पांढऱ्या चरबीचे पातळ काप आणि त्यांवर काळजाचे काप, वर रस्सा. बाल्झानने जीव तोडून काप पातळ केले होते. पण बेकबोलातने एकावर एक रचून पंजाएवढी चळत उचलली.

"व्याही, तुमची कीर्ती केगेनपर्यंत आलीय," तो म्हणाला. "म्हणे, स्मागुलचा घास घेतला की माणूस दोन दिवस जेवत नाही. मग तुम्हाला चिमूटभर देऊन मी काय तोंड दाखवू? हं, आ करा."

सगळे हसले. स्मागुलने आ केला. बाहेरची थंडी आणि आतली लाज, दोन्ही त्या गरम चरबीखाली दबली. तोंड गच्च भरलं. जिभेवर ती वितळायला लागली, इतक्या महिन्यांनी ती चव आली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एकदा वाटलं, गिळून टाकावं, होईल ते होईल. पण त्याला तो ओढा आठवला. त्याने हाताने बाहेरची खूण केली, घोडा सुटला की काय ते बघतो अशी, आणि तो उठला.

कोळशाच्या पडवीमागे जाऊन त्याने सगळं थुंकलं. कुत्रं टपलेलंच होतं. स्मागुलने मिशा पुसल्या आणि तो वळला, तर समोर काम्शात उभी. हात धुवायला ती बाहेर आली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि तरातरा आत गेली.

तो मागोमाग दारात पोचेपर्यंत ती नवऱ्यापुढे उभी होती.

"उठा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"व्याह्यांनी तुमचा घास कुत्र्याला घातला. पहिल्या दिवशी आपलं शिंगरू गोड लागलं नाही, आज हा घास. त्यांना सोयरीक नकोय आणि तोंडाने सांगायची हिंमत नाही. आपण कशाला बसायचं?"

बेकबोलातचा चेहरा आधी लाल झाला, मग विटला. त्याने चहाची वाटी खाली ठेवली. दाराजवळ किटली घेऊन तोरगिन उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने किटली जमिनीवर ठेवली, डोकं एका बाजूला कलतं केलं आणि उजव्या कानातला डूल काढायला लागली. ती रडत नव्हती. जणू हे होणार हे तिला ठाऊकच होतं. ते बघून स्मागुलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांब," तो म्हणाला. "काढू नकोस."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण जमीन कुणाच्या सोयीने दुभंगत नाही.

"मला पित्ताची पिशवी नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गेल्या वर्षी काढली. मणक्याचं सांगितलं ते खोटं. चरबी मला पचत नाही. खाल्ली की... खाल्ली की मला धरवत नाही. त्या ओढ्यात मी घसरलो नव्हतो. मी स्वतः बसलो होतो."

शेजारचा एक म्हातारा पुटपुटला, "अरे देवा." कुणाला तरी हसू फुटलं, पण त्याने ते खोकल्यात बुडवलं.

बेकबोलातने सुस्कारा सोडला. "एवढंच? मला वाटलं, आमच्या रक्तात काही खोट दिसली. शिंगराच्या वेळीच सांगितलं असतंत, तर मी जीभ नि पाठीचं मांस वेगळं काढलं असतं, व्याही."

"ते राहू दे," काम्शात म्हणाली. तिचा आवाज उतरला होता, पण रीत ती सोडणारी नव्हती. "घास तर पोटात गेला पाहिजे. त्याशिवाय सोयरीक कशी? अगदीच खाता येत नाही का?"

"येतं. थोडं येतं."

"थोडं म्हणजे केवढं?"

स्मागुलने अंगठ्याचं नख पुढे केलं. ज्या मुठीने अर्ध्या गावाला ठसका लावला होता, ती मूठ त्याने सगळ्यांसमोर उघडली आणि एक नख दाखवलं. मग जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य म्हणाला, "व्याही, माझा तुकडा लहान कापा."

बेकबोलातने सुरी घेतली. दातकोरणीने उचलावा एवढा तुकडा कापला, त्यावर काळजाचा पापुद्रा ठेवला आणि तो अगदी गंभीरपणे स्मागुलच्या तोंडात घातला. स्मागुलने तो खूप वेळ चावला. खोलीतलं प्रत्येक माणूस त्याच्या घशाकडे बघत होतं. त्याने गिळलं, आणि काम्शात म्हणाली, "आता बसा." मग स्मागुलने बेकबोलातला भरवलं, आणि त्याची मूठ बरीच लहान होती. लोक मोकळे होऊन हसले. कुणी म्हणालं, "नखभर स्मागुल," आणि ते नाव त्याला त्याच दिवशी चिकटलं. आज गावातली लहान पोरंही त्याला तेच म्हणतात. तो ऐकून घेतो.

जेवणं आटोपल्यावर तो हात धुवायला अंगणात आला. तोरगिन तांब्या घेऊन पाणी घालत होती, खांद्यावर टॉवेल. कानात दोन्ही डूल होते. तिने बापाकडे न बघता विचारलं, "दुखतं का अजून?"

"नाही. तेवढ्याशाने काय होणार?"

"मला वाटलं, तुम्हाला दिदार आवडला नाही."

स्मागुलने मान वर केली.

"तिकडे तुम्ही जेवला नाहीत ना, तेव्हाच मी त्याला सांगितलं, माझ्या बाबांच्या मनात नाही, तू दुसरी बघ. महिनाभर तो फोन करत होता. मी उचलला नाही. तरी त्याने आईबापाला पाठवलंच. आणि आज तुम्ही बाहेर जाऊन थुंकलात, तर म्हटलं, झालं, एवढे दिवस घरात जेवत नव्हतात ते माझ्यामुळेच. आईला विचारलं तर तीही बोलेना." तिचा आवाज आता कुठे कापला. "नुसतं सांगायचं होतं हो, बाबा."

तांब्यातलं पाणी संपलं होतं. तिने टॉवेल पुढे केला, पण स्मागुलने तो घेतला नाही. ओले हात तसेच पुढे धरून तो उभा राहिला. मला सांगायचंच होतं गं, असं म्हणावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. ते खरं नव्हतं. तिचा हात डुलाकडे गेला नसता तर त्याने कधीच सांगितलं नसतं, आणि हे आता तिलाही कळलं होतं.